तलफेची सुट्टी

वाचणाऱ्यानं आधी मला माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व कुठं नि दीर्घ कुठं ते मला नीट कळत नाही. अक्षर ओळ धरून चालत नाही, उजवीकडं जाता जाता वर चढतं, आणि जोडाक्षर आलं की पेन थांबतो. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. घरातली माणसं कामाला गेली की दुपारी लिहिते. चार माणसांत बोलायला मला लाज वाटते, कागदापुढं तेवढी वाटत नाही. तरी कधी कुणाच्या हाती पडलंच, तर चुका पोटात घालाव्या.

लिहायचं आहे ते माझ्या तोंडाविषयी. माझ्या डाव्या गालात आतून एक पांढरा डाग पडला होता. तो साधा आहे की वाईट आहे, हे कळेपर्यंत मी कशी राहिले ते माझं मला माहीत. आता तो नाही. आजही भाकरीवर ठेचा घेतला आणि तोंड भाजलं नाही की मी मनात म्हणते, बरं झालं बाई. पण डाग पडला कशानं, ते सांगायचं तर मागं जावं लागेल.

मोठा दुष्काळ पडला त्या साली माझं लग्न नवीन होतं. निलंग्याकडचं आमचं गाव. शेत नव्हतंच, दुसऱ्याच्या शेतात काम करायचं, आणि शेतातच काही उगवलं नाही तेव्हा सगळं गाव रस्त्याच्या कामावर गेलं. खडी फोडायची. आम्ही बौद्ध वाड्यातल्या बाया आधीपासून मजुरीच्या, पण त्या साली ज्यांच्या वावरात आम्ही खुरपायला जायचो त्या घरच्या बायाही पदर पुढं ओढून आमच्याशेजारी हातोडी घेऊन बसल्या. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी सगळ्यांच्याच पदरात होती.

कामावर मुकादम होता. त्याचा एक नियम होता. कामाच्या वेळेत कुणी हात थांबवायचा नाही. पण तलफ आली म्हणून थांबलं तर चालतं. विडीवाल्यानं विडी संपेपर्यंत बसावं. तंबाखूवाल्यानं चुना लावून, मळून, चिमूट ओठाखाली धरेपर्यंत बसावं. बायांनी मिसरी लावून चूळ भरेपर्यंत बसावं. मुकादम स्वतः एकावर एक विड्या ओढायचा, त्यामुळं तलफ म्हणजे काय ते त्याला कळत होतं. कंबर धरली, डोळ्यापुढं अंधारी आली, हे त्याला कळत नव्हतं.

मला तेव्हा कसलीच सवय नव्हती. माहेरी आई कोळशानं दात घासायची, तेच मी करायचे. एकदा दुपारी मी नुसतीच हातोडी खाली ठेवून बसले.

मुकादम आला. "ए पोरी, का बसलीस?"

मी खाली बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "दमली हाय."

"दमायचं असंल तर घरी दमावं. ऊठ."

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांचं बोट तोंडात होतं. त्यांना तो काही बोलला नाही. तो पुढं गेल्यावर त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि कमरेची डबी काढून माझ्यापुढं धरली.

"तुला काही लागत न्हाई, म्हणून तुला बसता येत न्हाई. घे."

"नको आत्या."

"घे म्हणते ना. उन्हात मरशील."

मी घेतली. मिसरी ज्यानं कधी बघितली नसेल त्याच्यासाठी सांगते, ती म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि बारीक कुटलेली तंबाखू. बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची, गालात थोडी राहू द्यायची. पहिल्यांदा लावली तेव्हा माझ्याभोवती सगळी खडी फिरायला लागली. सकाळी सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली होती, ती सगळी बाहेर पडली. सासूबाईंनी माझी पाठ चोळली. त्यांना माझ्यापेक्षा सुकडीचं जास्त वाईट वाटलं असावं, कारण घरी गेल्यावर त्यांनी मालकांना तेच आधी सांगितलं. मालक म्हणजे माझे यजमान. ते नुसतं हसले.

काही दिवसांत चक्कर यायची थांबली. मग मी पण इतर बायांसारखी बसू लागले. दगडांच्या ढिगाच्या सावलीत पाच-सहा जणी, तोंडात बोट, कुणी कुणाशी बोलत नाही, कारण बोलता येत नाही. मला ते फार आवडायचं. बोलावं लागत नाही आणि तरी माणसांत बसता येतं, अशी जागा मला तोवर मिळाली नव्हती. मिसरीची चव मला आवडली की ती सावली, हे आज विचारलं तर सांगता येणार नाही.

तिथं एक गोष्ट मी रोज बघितली. पाण्याच्या घागरी दोन होत्या. एक आमची, एक त्यांची. आमच्या घागरीला त्यांचा हात लागला नाही आणि त्यांच्या घागरीजवळ आम्ही गेलो नाही, दुष्काळ असो नाहीतर काही असो. पण मिसरीची डबी एकच फिरायची. ज्या पाटलीणबाईच्या वावरात मी खुरपायला जायचे ती आमच्या सासूबाईंच्या डबीत बोट घालायची, आणि वर म्हणायची, "म्हातारे, तुझी भाजणी लई झ्याक असते." गड्यांचंही तसंच होतं. एकाची पुडी, दुसऱ्याचा चुना, तिसऱ्याचा तळहात. तंबाखूला विटाळ नव्हता. सासूबाई घरी येऊन म्हणायच्या, "आपलं पाणी कडू आन् आपली मिसरी गोड."

पुढं पाऊस झाला, कामं बंद पडली, मुकादम कुठं गेला देव जाणे. तलफ मात्र आमच्याबरोबर घरी आली.

दुष्काळानंतर काही वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी हापिसं उघडली, माणसं लागली, आणि मालकांना एका हापिसात शिपायाची जागा मिळाली. त्यांची सातवी झाली होती, ती तेव्हा कामाला आली. सासूबाई तोवर गेल्या होत्या. आम्ही लातूरला एका गल्लीत दोन खोल्या घेतल्या. गल्लीत सगळे असेच नव्यानं आलेले, कुणी एसटीतले, कुणी मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले हमाल, कुणी मास्तर. शेजारी एक लिंगायत काकू होत्या. त्यांच्या मालकांचं किराणा दुकान होतं. माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या, आणि तोंडानं फटकळ. मी न बोलणारी, म्हणून आमचं जमलं असेल.

मालक हापिसातून आले की गमती सांगायचे. म्हणायचे, "हापिसात कोण कुठल्या खुर्चीवर बसतो ते विचारावं लागत न्हाई. तोंडाकडं बघितलं की कळतं. साहेब शिगरेट ओढतो. हेडक्लार्क पान खातो, बाकीचे क्लार्क सुपारी. आन् आम्ही शिपाई तंबाखू मळतो. विडी तेवढी माळ्याकडं."

मी विचारलं, "आन् हापिसात बाई हाय म्हणता, ती?"

"टायपिस्टबाई? ती काहीच घेत न्हाई. शिकलेली हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "निदान आमच्यासमोर घेत न्हाई."

गल्लीतही मी तसंच बघत होते. म्हाताऱ्या आणि माझ्या वयाच्या बाया मिसरीवाल्या. नवीन सुना पावडरीनं दात घासायच्या आणि दुपारी सासू झोपली की तिच्याच डबीत बोट घालायच्या. हमालांच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. मास्तर कुणाला दिसू नये म्हणून गल्लीच्या टोकाला जाऊन विडी ओढायचे, आणि सगळ्यांना ते दिसायचं. पुढं पानपट्टीवर गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या तशी तरणी पोरं विडी सोडून त्याच्यामागं लागली. म्हणायची, विडीचा वास येतो, ह्याचा सुगंध येतो.

गल्लीची मिसरी मी भाजायचे. सासूबाईंचा हात माझ्यात उतरला असावा. बाया आपापली तंबाखू आणून द्यायच्या. त्यासाठी माझा एक वेगळा लोखंडी तवा होता. मंद जाळावर परतत राहायचं, धूर निघतो, डोळ्यांतून पाणी येतं, खोकला येतो. पान काळं झालं पण राख झालं नाही, त्या वेळेला उतरवायचं. मग खलबत्त्यात कुटायचं आणि फडक्यानं चाळायचं. कुणी चार आठ आणे द्यायची, कुणी त्यातलीच मूठभर ठेवायची. पैसे मागायला मी कधी तोंड उघडलं नाही, काकूच उंबऱ्यावर बसून वसुली करायच्या. "हिला लाज वाटते, मला वाटत न्हाई. काढ आठ आणे."

आणि ह्या सगळ्या बायांना, मला धरून, कुणी विचारलं असतं की तंबाखू खाता का, तर आम्ही मनापासून नाही म्हटलं असतं. तंबाखू खातात ते गडी. आम्ही दात घासतो. दिवसातून चार वेळा घासतो, पण घासतो.

डाग आधी मला कळलाच नाही. तिखट लागायला लागलं एवढंच कळलं. ठेचा खाल्ला की डाव्या गालात आग व्हायची. मग आमटीनंही व्हायला लागली. मी वरण-भाकरीवर आले. मिसरी लावली की मात्र ती जागा बधिर व्हायची, बरं वाटायचं, म्हणून मी जास्त लावायला लागले. हा उलटा उपाय मी बरेच महिने केला.

काकूंनी एकदा मला अंगणात उजेडाला उभं केलं आणि म्हणाल्या, "आ कर." मी आ केला. काकूंनी बोटानं गाल ताणून आत बघितलं. मग म्हणाल्या, "साय धरल्यासारखं दिसतंय. मालकाला सांग."

मी मालकांना सांगितलं. त्यांच्या हापिसातल्या एका ड्रायव्हरचा गाल ऑपरेशनमध्ये कापला होता आणि तरी तो वाचला नव्हता. तो तंबाखूवाला होता. त्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही, पण त्या दिवसापासून ते खोलीत बसलेलं होतं.

लातूरच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी मालकांनाच विचारलं, "बाईंना तंबाखूची सवय आहे का?"

मालक म्हणाले, "न्हाई साहेब. मी खातो. हिला कसलंच व्यसन न्हाई."

मीही मान हलवली. आम्ही खोटं बोललो नाही. त्या वेळी दोघांच्याही मनात मिसरी आलीच नाही. डॉक्टरांनी उष्णता आहे म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, डाग होता तिथंच. उलट त्याला कडा आल्यासारख्या झाल्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नांदेडला दाखवा. तुकडा काढून तपासावा लागेल."

तुकडा हा शब्द घेऊनच मी घरी आले. नांदेडचा दवाखाना, तपासणी, तिकीट, तिथलं राहणं, एवढे पैसे महिन्याच्या पगारात बसत नव्हते. गल्लीत बायांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्या थोडं थोडं टाकायच्या आणि जिची पाळी तिनं सगळे उचलायचे. माझी पाळी शेवटी होती. त्या महिन्याची पाळी काकूंची होती. त्यांना घरात शिलाई मशीन घ्यायचं होतं, लेकीसाठी.

मी त्यांना काही मागितलं नाही, मला मागता आलं नसतं. भिशीच्या दिवशी काकूंनी पैसे रुमालात बांधले आणि तसेच माझ्या मांडीवर ठेवले.

"काकू, तुमचं मशीन."

"मशीन कुठं पळून चाललंय? तोंड दाखवून ये. माझी पाळी परत आली की तू मला दे, तुझी पाळी आली की तू मला दे. दोन्ही वेळंला मलाच दे." बाया हसल्या. मग एक जण म्हणाली, "बाई, तुझ्या भाजणीचीच मिसरी आम्ही लावतो. तुला काय निघतं ते आम्हाला पण कळू दे." तेव्हा कुणी हसलं नाही. त्या दिवशी मला कळलं की फक्त माझाच गाल नांदेडला निघालेला नाही.

एसटीनं निघालो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता तंबाखू मळत होता. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तशी निम्मी गाडी थुंकायला उतरली. मालकांचा हात सवयीनं खिशात गेला, माझ्याकडं बघून बाहेर आला. पुढं नांदेडपर्यंत त्यांनी पुडी काढली नाही. वाटेत मी एकदा म्हणाले, "घ्या की." ते म्हणाले, "राहू दे."

नांदेडजवळ विष्णुपुरीला माझी मोठी बहीण राहते. तेव्हा तिथं धरणाचं काम चालू होतं आणि भावजी तिथं वॉचमन होते. अक्का माझ्या उलट, सगळ्यांशी बोलणारी. धरणावर तेलंगणातून आलेल्या बाया कामाला होत्या, त्या संध्याकाळी रांगेनं बसून चुट्टा ओढायच्या, तंबाखूच्या पानाचा जाड चिरूट असतो तो. अक्का मला दाखवत म्हणाली, "बघ ह्या कशा पाटलासारख्या ओढून राहिल्या. आपण आपले तोंडात बोट घालून चोरासारखे. नवऱ्यासमोर ओढतात, सासऱ्यासमोर ओढतात."

मी म्हणाले, "त्यांच्या तोंडात काही होत न्हाई का?"

अक्का म्हणाली, "कोण बघायला गेलंय?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मालक सवयीनं सांगायला लागले, "हिला कसलंच व्यसन..." तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही जरा बाहेर बसा." मालक बाहेर गेले. मग त्यांनी बॅटरी लावून माझं तोंड बघितलं, जीभ बाजूला करून बघितलं, आणि बॅटरी विझवून अगदी साध्या आवाजात विचारलं, "दात कशानं घासता?"

"मिसरीनं."

"भाजायला कोण भाजतं?"

"मीच."

"माझी आजी पण स्वतःच भाजायची. बाकी कुणाची तिला आवडायची नाही." त्या हसल्या. "दिवसातून किती वेळा?"

मी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरसमोर नीट बोलले. चार वेळा म्हटलं, मग म्हटलं, दुखायला लागल्यापासून जास्त. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मिसरी म्हणजे तंबाखूच. भाजली म्हणून तिचा गुण जात नाही. हा डाग बहुतेक तिच्यामुळं आहे. त्यात वाईट काही आहे का, ते तुकडा तपासल्यावर कळेल. तोवर मिसरी बंद. भाजणं पण बंद."

सुई दिली, तुकडा काढून टाका घातला. तुकडा मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान होता, तांदळाच्या कणीएवढा. तपासायला तो बाहेरगावी जाणार होता आणि उत्तर यायला आठवड्यावर वेळ लागणार होता. मालक कामावर परत गेले. मी अक्काकडं राहिले.

ते दिवस मी कसे काढले ते लिहायला बसले की शब्द सापडत नाहीत. तलफ अशी यायची की मी धरणाच्या मातीकडं बघितलं तरी मला मिसरी दिसायची. अक्काची डबी देव्हाऱ्याच्या फळीवर असायची. तिथं बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती, त्यांच्याशेजारी डबी. अक्कानं मग ती उचलून कमरेला लावली. म्हणाली, "तुझी नजर तिकडं जाते, लोकांना वाटंल लई वंदना करते." मी हसले, आणि हसताना गालातला टाका दुखला. दुपारी मला वाटायचं, गाल कापावा लागला तर मी लोकांत कशी जाऊ. मग वाटायचं, जगले तर ना. मी आधीच तोंड लपवणारी बाई. मालक आठवायचे. बसमध्ये खिशातून बाहेर आलेला त्यांचा हात आठवायचा.

उत्तर यायच्या दिवशी मालक पहाटेच्या गाडीनं आले. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि आधी माझ्याकडं बघितलं, मालकांकडं नाही.

"कॅन्सर नाही."

आमच्यासमोर ते नाव पहिल्यांदा कुणीतरी घेतलं होतं, आणि त्याच्यापुढं नाही लावून घेतलं होतं. मालक खुर्चीत होते ते पुढं वाकले आणि तसेच राहिले. मला वाटलं रडतात. ते चप्पल नीट करत होते, पण बराच वेळ करत होते.

बाई म्हणाल्या, "पण हा डाग म्हणजे इशारा आहे. मिसरी सोडली तर बहुतेक जाईल. नाही सोडली तर पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. काही महिन्यांनी दाखवायला या."

बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला. मालक म्हणाले, "गार लागतं का?" मी म्हणाले, "लागतं. छान लागतं." बर्फ डाव्या गालात धरून मी सगळा ग्लास संपवला. परतीच्या गाडीत मला इतकी झोप लागली की अहमदपूर कधी गेलं कळलं नाही.

गल्लीत शिरले तर बाया दारात उभ्याच होत्या. काकूंनी लांबूनच माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "हसतीया म्हणजे बरं हाय." मी सांगितलं तसं एकेक जण उजेडाला येऊन एकमेकींच्या तोंडात बघायला लागली. आ कर, तू आ कर. गल्लीत त्या दिवशी लग्नाचं घर असावं तसं वाटत होतं. दोघी-तिघींनी मिसरी सोडली, एकीनं सोडली आणि परत धरली. सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "माझ्या तोंडात दातच न्हाईत, मला कशाची भीती?" आणि तिनं तिथंच डबी काढली. काकूंनी सोडली नाही, कमी केली.

पैशाचं मात्र अवघड झालं. भाजणी बंद झाली, म्हणजे ते चार आठ आणेही बंद झाले, आणि काकूंचं मशीन माझ्या गालात गेलेलं. मी डाळीच्या मिलमध्ये डाळ निवडायला जायला लागले. एवढ्या अनोळखी बायांत जायचं म्हणून पहिल्या दिवशी मी फाटकाशीच थोडी थांबले. ओळीनं बसायचं, तुरीच्या डाळीतले खडे आणि काळे दाणे काढायचे.

तिथंही मुकादम होता, आणि त्याचाही नियम तोच. मान मोडून निवडायचं. मिसरीसाठी, तंबाखूसाठी उठलं तर चालतं. बाया सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मागच्या भिंतीजवळ जाऊन बसायच्या. मी आणि दोन नव्या पोरी, त्यांना कसलीच सवय नव्हती, आम्ही तिघी निवडत राहायचो. पाठ भरून यायची. त्यातली एक पोर मला म्हणाली, "मावशी, मी पण मिसरी चालू करावी म्हणते. निदान पाठ तरी टेकंल."

तिला बोलून समजावणं मला जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी घरून एका डबीत मीठ नेलं, त्यात जरा कोळशाची पूड मिसळलेली. बाया उठल्या तशी मी उठले, त्या पोरीला खुणावलं, तिसरीलाही. भिंतीजवळ बसलो, बोटावर मीठ घेतलं, दातांना लावलं. मुकादमानं बघितलं आणि काही बोलला नाही. आमची पाठ टेकली.

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा त्याला स्वतःलाच तलफ आली असावी, पुडी संपली असावी. तो माझ्यापुढं येऊन म्हणाला, "मावशी, जरा दे." बाया मुकादमाला मिसरी देतात, त्यात वेगळं काही नाही. नाही कसं म्हणावं ते मला कळेना. मी डबी पुढं केली. त्यानं दातांना लावली, चोळली आणि थांबला.

"ह्यात काय हाय?"

मी डबीचं झाकण लावलं. ती पोरच म्हणाली, "मीठ हाय, साहेब. आन् कोळसा."

"मीठ लावायला सुट्टी घेता व्हय?"

तेव्हा मी बोलले. कसं बोलले मला ठाऊक नाही. म्हणाले, "माझ्या गालाचा तुकडा काढलाय. मिसरीनं झालं होतं. आता मी मीठच लावणार. बसायचं मात्र मला लागतं."

तो थुंकला, तोंड वेडंवाकडं केलं. म्हणाला, "खारट बाया." आणि गेला. त्या दिवसापासून तिघींना कुणी उठवलं नाही. पुढं डबी न आणताही आम्ही बसायचो. ज्या बाया मिसरीवाल्या होत्या त्या म्हणायच्या, "खारट बाया आल्या गं, सरका." ती पोर पुढं लग्न होऊन उदगीरकडं गेली. तिनं मिसरी धरली की नाही ते मला माहीत नाही. धरली नसावी असं मला वाटतं.

मीठ लावता लावता तलफही कमी झाली. कधी सुटली ते सांगता येत नाही. एक दिवस शेजारणीच्या घरातून भाजणीचा वास आला आणि मी तशीच कपडे धूत राहिले, तेव्हा लक्षात आलं. मालकांनी तंबाखू सोडायला माझ्यापेक्षा जास्त वेळ घेतला, दोनदा सोडली आणि दोनदा धरली. तिसऱ्यांदा सुटली. हापिसातले म्हणायचे, हा आता टायपिस्टबाईच्या लाइनीत गेला.

नांदेडला परत दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावली, बराच वेळ बघितलं, आणि बाहेरच्या नर्सला हाक मारून म्हणाल्या, "ये, बघ. आधीचं तू बघितलं होतंस ना?" नर्सनं बघितलं. डागाच्या जागी गालाच्या आतल्या कातडीसारखी कातडी होती, एक बारीक रेष सोडून. मी आ करून बसले होते आणि दोन माणसं माझ्या तोंडात बघून हसत होती. मला लाज वाटली नाही.

मिलचा पगार दर शनिवारी मिळायचा. भिशीत माझा भाग टाकून राहील ते मी काकूंकडं देत होते. दरवेळी त्या म्हणायच्या, "एवढी घाई कशाची? गाल परत न्यायला येणार न्हाई मी." शेवटी माझी पाळी आली तेव्हा उचललेल्या पैशांत शनिवारचे पैसे घातले, आणि हिशेब पुरा झाला. मी तसेच काकूंच्या घरी गेले. त्या दळण घेऊन निघाल्या होत्या. मी रुमाल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "काकू, हे शेवटचे. आता काही राहिलं न्हाई."

काकूंनी दळणाचा डबा खाली ठेवला. पैसे मोजले नाहीत, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. मग आत तोंड करून लेकीला हाक मारली, "चल गं, चपला घाल. गिरणीत डबा टाकू आन् तसंच मशीनच्या दुकानात जाऊ."